अजून दोनच हजार

इंडियाना जोन्स हा गडी सापांनी भरलेल्या भुयारात उतरतो, पण माझ्या कॉम्प्युटरमध्ये पाऊल टाकायला त्याने साफ नकार दिला. २०२४च्या डिसेंबरात त्याचा ‘ग्रेट सर्कल’ हा गेम आला, तेव्हा मी आधी ‘किमान काय लागेल’ हा रकाना वाचला. किमान लागणार होतं रे ट्रेसिंग करणारं ग्राफिक्स कार्ड. माझ्याकडे जीटीएक्स १०५० टीआय, २०१६ सालचं मॉडेल. रे ट्रेसिंग म्हणजे उजेडाचा किरण कुठून निघाला, कशावर आपटला आणि तिथून कोणाकडे गेला याचा चोख हिशेब. आमच्या घरात अशा प्रकारचा हिशेब फक्त आई ठेवते, तोही नातेवाइकांचा.

पुढच्या मे महिन्यात ‘डूम’चा नवा भाग आला, त्याचीही तीच अट. ऑक्टोबर २०२५मध्ये एनव्हिडियाने माझ्या कार्डाच्या पिढीसाठी गेमचे नवे ड्रायव्हर काढणं बंद केलं. यापुढे फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही २०२८पर्यंत. थोडक्यात कार्ड सेवानिवृत्त झालं होतं आणि पेन्शनवर होतं. हे सगळं मी घरात जेवताना सांगितलं.

“पण कॉम्प्युटर चालतो ना?” बायको म्हणाली.

“चालतो. पण नवे गेम—”

“किती?”

ती पतपेढीत कर्ज विभागात आहे. घरदुरुस्तीसाठी दोन लाख मागायला आलेला माणूस साडेतीनवर कसा पोचतो हे ती रोज पाहते. त्यामुळे तिने तिथल्या तिथे कर्जमर्यादा ठरवून दिली. “वीस हजार. वर एक रुपया नाही. आणि उरले तर परत.”

आईला मात्र मुळातून समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, “आई, पडद्यावर वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके असतात. हे कार्ड त्यातल्या प्रत्येकाचा रंग ठरवतं, सेकंदाला साठ वेळा.” तिने माझ्या चाळिशीच्या चष्म्याकडे पाहिलं. “आणि ते सगळे तुला दिसतात?”

आता मुद्द्यावर येतो. ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात अक्कल फक्त गरिबाला लागते. ज्याच्याकडे पैसा आहे त्याचं काम सोपं. जानेवारी २०२५मध्ये आरटीएक्स ५०९० आलं. अमेरिकेत १,९९९ डॉलर, आपल्याकडे दोन लाखांच्या वर. ३२ जीबी मेमरी, ५७५ वॅट वीज. ते घेणारा दुकानात जातो, बोट दाखवतो, घरी येतो. त्याला काही ठाऊक असण्याची गरजच नाही, कारण वर दुसरं काही नाही. वीस हजारवाल्याला मात्र इलेक्ट्रिकल इंजिनिअर, इतिहासकार आणि थोडासा ज्योतिषी व्हावं लागतं. फसवणुकीच्या सगळ्या बारीक सुया कंपन्यांनी खालच्या मजल्यावरच पेरून ठेवलेल्या आहेत.

उदाहरणार्थ जीटी १०३०. नाव एक, खोकं जवळजवळ एक. पण २०१८मध्ये त्याचा एक डीडीआर४ अवतार गुपचूप बाजारात आला, ज्याच्या मेमरीचा वेग मूळ कार्डाच्या साधारण एक-तृतीयांश होता. जीटीएक्स १०६० घ्या. सहा जीबीचं आणि तीन जीबीचं. साध्या माणसाला वाटेल की फरक फक्त मेमरीचा. आत चिपमधले कोअरही १२८० वरून ११५२वर आणलेले. आणि आताचं आरटीएक्स ३०५०. २०२२मध्ये आलं तेव्हा आठ जीबी, २५६० कोअर. २०२४च्या फेब्रुवारीत त्याच नावाने सहा जीबीचं आलं, त्यात २३०४ कोअर आणि मेमरीची वाटही १२८ बिटवरून ९६वर अरुंद केलेली. आपल्याकडे साखरेच्या पोत्यात असं काही झालं असतं तर वजनमापवाले आले असते.

बरं, कंपन्यांना लाज वाटत नाही असंही नाही. ती फक्त वरच्या मजल्यावर वाटते. सप्टेंबर २०२२मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० या एकाच नावाने दोन कार्डं जाहीर केली, सोळा जीबीचं आणि बारा जीबीचं. बारावाल्यातली चिपच निराळी, पण किंमत ८९९ डॉलर. जगभर इतका आरडाओरडा झाला की महिन्याभरात कंपनीने ते मागे घेतलं, आणि नंतर आरटीएक्स ४०७० टीआय या नावाने, शंभर डॉलर कमी करून विकलं. नऊशे डॉलरवाल्याला एका महिन्यात न्याय मिळाला. जीटी १०३०वाले अजून ओरडताहेत, पण कंपनीच्या दारी पोचेपर्यंत तो आवाज खोकला म्हणून मोजला जातो.

माझा सल्लागार म्हणजे माझा भाचा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याचं ज्ञान अफाट आणि खिसा रिकामा, त्यामुळे तो दुसऱ्याच्या पैशाने अतिशय उदारपणे विचार करतो. त्याची पद्धत अशी.

“मामा, सहा जीबीचं ३०५० घेऊ नकोस. अजून दोनच हजार टाक, आठ जीबीचं येतं.”

“बरं.”

“पण मग आठचं ३०५० घेण्यापेक्षा अजून दोनच हजार टाकलेस तर आरएक्स ६६००. किती वेगवान आहे बघ!”

“बरं.”

“आता ६६००पर्यंत आलासच, तर थोडे अजून टाकून ४०६० का नको?”

हा जिना असा बांधलेला आहे की एकाही पायरीवर तुमचं चुकत नाही. प्रत्येक दोन हजारांचं समर्थन बिनतोड असतं. रात्री जेवण झाल्यावर वीस हजारांवरून निघालेले आम्ही मामा-भाचे आई पाणी प्यायला उठेपर्यंत साठ हजारांवर पोचलेले असायचो. तिथून खाली पाहिलं की ३०५० मुंगीएवढं दिसायचं.

खाली आणलं ते शेवटी माझ्या कॉम्प्युटरनेच. माझा प्रोसेसर आय-फाइव्ह ९४००एफ. त्यातल्या ‘एफ’चा अर्थ, आत स्वतःचं ग्राफिक्स नाही. घेताना त्यामुळे थोडे पैसे वाचले होते. परिणाम असा की कार्ड काढलं की पडदा काळा. म्हणजे जुनं विकून त्या पैशांत नवं आणावं हा राजमार्ग बंद, निदान मधले दिवस रेडिओ ऐकायची तयारी नसेल तर.

इंटेलचं आर्क बी५८० मला मनापासून आवडलं होतं. बारा जीबी, २४९ डॉलरला बाजारात उतरलेलं, वीस हजारांच्या किंचित वर पण भांडता येण्यासारखं. मात्र त्याला मदरबोर्डात रिसाइझेबल बार नावाची सोय लागते, नाहीतर ते अर्धवट झोपेत काम करतं. इंटेलच्या म्हणण्यानुसार त्यासाठी प्रोसेसर दहाव्या पिढीपासून पुढचा हवा. माझा नववीतला. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त होतं. पण त्याने मदरबोर्डाशी बोलायला चारच लेन ठेवल्या आहेत. चौथ्या पिढीच्या पीसीआयई स्लॉटमध्ये त्या कशाबशा पुरतात, माझ्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डात त्यांचा वेग निम्मा होतो. म्हणजे नवा बोर्ड असलेल्या श्रीमंताला हे स्वस्त कार्ड नीट चालतं, आणि ज्याला स्वस्त कार्डाची गरज आहे त्याच्याकडे मंद चालतं. असं काटेकोर सामाजिक न्यायाचं उलटं गणित मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

उरलं आरएक्स ६६००. २०२१चं, आठ जीबी, १३२ वॅट. इंडियाना जोन्स आणि डूम दोघांच्याही किमान रकान्यात त्याचंच नाव. दरवाजाच्या चौकटीला डोकं न लागता आत जाता येईल, एवढंच. मला तेवढंच हवं होतं.

मग एका रविवारी कॅबिनेट उघडलं. शिंपी वापरतो ती टेप घेऊन आईने हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतची जागा मोजली. दोन पंख्यांचं कार्ड बसत होतं, तीन पंख्यांच्या कार्डासाठी पिंजरा कापावा लागला असता. आत धूळ होती, पालीची दोन अंडी होती आणि कोपऱ्यात सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस होता. तो कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. बाहेर मोठ्या अक्षरात ५०० वॅट.

खाली बारीक अक्षरांत खरी गोष्ट लिहिलेली असते. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही वीज खेचतात ती बारा व्होल्टच्या तारेवरून. त्या ओळीत १६ अँपिअर होतं. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. उरलेले तीनशे आठ वॅट ही बहुधा बनवणाऱ्याची इच्छा होती. आरएक्स ६६०० मागणार १३२, माझा प्रोसेसर ६५. बेरीज १९७. पंखे आणि डिस्क मोजायच्या आधीच मी पाच वॅटने कर्जबाजारी झालो होतो. शिवाय कार्डाला लागणारी आठ पिनची तार त्या एसएमपीएसला नव्हतीच. इथे त्या बदनाम सहा जीबीच्या ३०५०ची मला क्षणभर आठवण आली. ७० वॅट, वेगळी तार नाही, स्लॉटमधूनच जेवतं. अशा घरांसाठी ते वरदान आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण इंडियाना जोन्सला हवेत आठ जीबी.

म्हणजे वीस हजारांतले चार हजार आधी एसएमपीएसला. उरलेल्या सोळात नवं ६६०० येत नव्हतं. बायकोला ही परिस्थिती सांगितली तेव्हा ती म्हणाली, “घरदुरुस्तीवाले नेमकं इथेच पाइपलाइन काढतात.” मर्यादा वाढली नाही.

राहिला जुना बाजार. डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोड, आणि चालत लॅमिंग्टन रोड. पाट्यांवर त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलंत तर तुम्हाला दवाखान्याचा रस्ता दाखवतील. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हामध्ये ‘शोले’ पाच वर्षं चालला. आता तिथे कार्डाचा भाव पाच दिवस टिकत नाही.

जुन्या कार्डाचा एक इतिहास ठाऊक असलेला बरा. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या चलनाने ग्राफिक्स कार्डांकडून नाणी पाडून घेणं बंद केलं, आणि तोवर महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबलेली कार्डं एकाएकी बेकार होऊन बाजारात आली. त्यामुळे विकणारे आजही एक वाक्य बोलल्याशिवाय राहत नाहीत. मी पहिल्या दुकानात फक्त ‘नमस्कार’ म्हटलं.

“मायनिंगवाला नहीं है, साहेब.”

“मी विचारलंच नाही.”

“नहीं, पहले बोल देता हूँ. बच्चे ने सिर्फ फिफा खेला है.”

त्या रस्त्यावर फिफा खेळलेल्या मुलांची संख्या पाहता भारत विश्वचषकाला अजून का गेला नाही, कळत नाही. दुसऱ्या दुकानात तर मला १०५० टीआय दाखवलं, माझ्याच मॉडेलचं, ‘एकदम नया’ म्हणून. भाच्याने पेन ड्राइव्हवरून जीपीयू-झेड चालवलं. ही फुकट मिळणारी उपयुक्त वस्तू. तिने त्या कार्डाच्या नावामागे थेट ‘फेक’ असा शिक्का मारला. आत बसलं होतं २०१०चं जीटीएस ४५०, बायोस बदलून सहा वर्षांनी तरुण केलेलं. दुकानदार जराही गडबडला नाही. “चलता तो है ना?” म्हणाला. तत्त्वतः तो आणि माझी बायको एकाच पक्षाचे निघाले.

अखेर एका गल्लीच्या टोकाला पोटमाळ्यावरच्या दुकानात आरएक्स ६६०० मिळालं. मूळ बिल होतं, वॉरंटी काही महिने शिल्लक होती, आणि मालकाने न कुरकुरता अर्धा तास टेस्ट चालवू दिली. पडद्यावर ठिपके नाहीत, रेघा नाहीत, पंख्याला खरखर नाही. साडेतेरा हजार. शेजारच्या दुकानातून ५५० वॅटचा नवा एसएमपीएस, लेबल वाचून. सगळं मिळून साडेसतरा-अठरा.

“मामा,” भाचा स्टेशनच्या जिन्यावर म्हणाला, “अजून दोन हजार हातात आहेत. एक एसएसडी—”

ते दोन हजार संध्याकाळी पतपेढीत जमा झाले. म्हणजे बायकोच्या पर्समध्ये.

कार्ड बसलं, जोन्स आत आला, मी आता रात्री हेडफोन लावून गेममधल्या व्हॅटिकनमध्ये फिरतो. याचा बोभाटा व्हायचा तो झालाच. ऑफिसातले एक साहेब, ज्यांच्या मुलाला दहावीनंतर गेमिंगचा कॉम्प्युटर कबूल केलेला आहे, जेवणाच्या सुट्टीत येऊन बसले. “बजेटचं टेन्शन नाही. सगळ्यात भारी कुठलं, तेवढं सांगा.” मी नाव सांगितलं. पाच सेकंद लागली. ते आणखी काहीतरी ऐकायला थांबले होते, पण माझ्याकडे सांगण्यासारखं उरलं नव्हतं. माझा डबाही थंड होत होता.

परवा आमच्या इस्त्रीवाल्याचा मुलगा कपडे द्यायला आला आणि दारातच घुटमळला. दिवाळीत आकाशकंदील विकून त्याने आठ हजार जमवलेत. कुठल्याशा कंपनीने मोडीत काढलेला ऑफिसचा कॉम्प्युटर त्याच्याकडे आहे. “काका, आठ हजारांत काही बसेल का?”

मी त्याच्या हातातले कपडे घेऊन खुर्चीवर टाकले, त्याला आत ओढलं, कागद आणि पेन घेतलं. मदरबोर्ड कुठला, स्लॉट किती इंचांवर, कॅबिनेट आडवं की उभं, मॉनिटरला मागे निळं व्हीजीए आहे की एचडीएमआय. त्याला एकही उत्तर येत नव्हतं. “काही हरकत नाही,” मी म्हटलं. “स्क्रू-ड्रायव्हर आहे ना घरी? झाकण उघड आणि एसएमपीएसच्या लेबलाचा फोटो पाठव. मोठी अक्षरं नकोत, खालची बारीक.”