पंख, सोपान आणि ठेसन

भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेत मुलीला आधी पंख फुटतात आणि मग पायऱ्या चढाव्या लागतात. बुलबुल असेपर्यंत कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख आणि सरतेशेवटी हीरक पंख. एवढे हिऱ्याचे पंख लावून पोरगी १० वर्षांची झाली, की ती गाइड होते आणि मुकाट्याने प्रथम सोपानाच्या पायथ्याशी उभी राहते. पुढे द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार. उडता येणारीला जिना कशाला, असं आमच्या अंजनगाव सुर्जीत अजून कोणी विचारलेलं नाही. शाळेतून आलेला कागद असला, की आम्ही विचारत नाही.

वयाच्या बाबतीत संस्था चोख आहे. १० पर्यंत बुलबुल, त्यानंतर गाइड, पुढे २५ पर्यंत रेंजर. आमच्याकडे वय इतकं शिस्तीचं कधी नव्हतं. जुन्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस गुरुजींनी दाखलखारीज भरताना ठरवला, तोही शाळा उघडायच्या हंगामातला. शेजारच्या आजी आपलं वय ‘गांधीबाबा गेले तवा मी रांगत होती’ एवढंच सांगतात. त्यांची नात मात्र अमुक तारखेला बुलबुलची गाइड झाली, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

मुलींनी हे सारं मागून घेतलेलं आहे, हे मला फार आवडतं. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउट मुलांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली आपणहून गणवेश करून तिथे हजर झाल्या. स्काउटचे संस्थापक बेडन-पॉवेलसाहेब यांनी त्यांना आपल्या बहिणीच्या, ॲग्नेसच्या, हवाली केलं आणि १९१० मध्ये गाइड चळवळ उभी राहिली. वर्षभरात ती जबलपूरला पोचलीसुद्धा. भारतातली पहिली तुकडी तिथलीच. विलायतेत लहान मुलींच्या गटाला आधी गुलाबकळ्या म्हणत. त्या चिमुरड्यांना ते नाव मुळीच पटेना, म्हणून बदलावं लागलं. आठ-नऊ वर्षांच्या पोरींनी कळी म्हणवून घ्यायला नकार द्यावा, याला खरं तर एक बॅज हवा होता.

नातीचा पहिला सराव गाठींचा. खाटेच्या पायाला दोरी बांधून ती खुंटगाठ घालत होती, आजी सुपारी कातरत बघत होत्या. घरचा पानमळा, वेल आधाराला बांधण्यात आजींचा जन्म गेला.

“हे गाठ कायची व माय?” त्या म्हणाल्या. “इतकी आवळशीन तं वेल रात्रीतून मान टाकन.”

“आजी, हे वेलाची नाई. तंबूची हाये.”

“तंबू कुठी हाये?”

तंबू नव्हता. तो शिबिरात असणार होता. आजींनी तरी गाठ सोडवून बघितली, पुन्हा घातली आणि “बरी हाये” म्हणाल्या. त्यांच्याकडून याहून मोठं प्रमाणपत्र मी ऐकलेलं नाही. सुनांना तर तेही मिळालं नाही.

मग नातीने लॉगबुक पुढे केलं. प्रत्येक कामाची नोंद आणि खाली मोठ्या माणसाची सही. सहीच्या बाबतीत आमचं गाव जुनं जाणतं आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंद्यांचा आणि इंग्रजांचा तह झाला तो इथेच, आणि एका सहीत काय काय जातं हे शिंद्यांना चांगलंच कळलं. आजींनी विचारलं, “सही केली तं मळ्याचं काही होत नाई ना?” खात्री पटल्यावरच त्यांनी सावकाश सही केली.

राष्ट्रपती पुरस्काराचं मात्र त्यांना काहीच अप्रूप वाटलं नाही. प्रतिभाताई पाटील १९९१ ते ९६ अमरावतीच्या खासदार होत्या आणि २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या. तेव्हापासून राष्ट्रपती म्हणजे अमरावतीच्या सुनेची नोकरी, असा आजींचा समज आहे. “आपल्याच घरचं तं हाये,” त्या म्हणाल्या. मधल्या चार पायऱ्या त्यांनी हिशेबातच धरल्या नाहीत.

पथशोधकाच्या बॅजसाठी नातीने गावाचा नकाशा काढला. बाजार, दवाखाना, पोलीस ठाणं, देवनाथ महाराजांचा मठ, शहानूर नदी, सगळं जागच्या जागी. नदीत पाणीही भरपूर, निळ्या खडूचं. एका कडेला अंजनगाव रेल्वे स्टेशन. मूर्तिजापूर-अचलपूरची ती छोटी गाडी, आमची शकुंतला, केव्हाचीच बंद पडली आहे. बाहेरगावच्या परीक्षक बाईंनी स्टेशनवर बोट ठेवून गाड्यांच्या वेळा विचारल्या.

“गाडी येत नाई, मॅडम.”

“मग स्टेशन कशाला दाखवलंस?”

“ठेसन तं हाये ना,” ती म्हणाली, “कोनी पत्ता इचारला तं तिथूनच सांगा लागते.”

बाईंनी सही केली.