न वापरून झिजलेला क्रॉस

पुण्यात फोर-बाय-फोर जीप बाळगणं हा शौक आहे. वापरणं हा वेगळा विषय. वर्षभर गाडी मागच्या दोन चाकांवर चालते आणि पुढची दोन मालकाच्या गप्पांत. आमच्या जुन्या एमएम ५४० च्या पुढच्या हबवर हातानं फिरवायचे लॉक आहेत. ते लावायची वेळ येते ती मुळशीकडे चिखल लागला तर, नाहीतर घरी पाहुणे आले तर.

मागे मेहुणे आले होते. त्यांनी हब लावले, फोर-व्हीलचा दांडा ओढला आणि सोसायटीच्या कोरड्या ठणठणीत काँक्रीटवर स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. चिखलात चाक जरा घसरतं आणि हिशेब मिटतो. काँक्रीटवर तो मिटत नाही, सगळा ताण शाफ्टवर बसतो. खालून टक्-टक्-टक् सुरू झालं.

"टायरमध्ये दगड अडकला असेल," मेहुणे म्हणाले आणि आणखी एक फेरी मारली.

शेवटी गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी जागेवर वळवून आवाज ऐकला. "क्रॉस गेला साहेब. आणि वापरून नाही, न वापरून गेला."

शाफ्ट बाहेर आल्यावर पटलं. क्रॉस म्हणजे शाफ्टच्या जोडातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा; त्याच्या टोकांवरच्या कपांच्या कडेला विटकरी भुकटी साठली होती. हब मोकळे असले की पुढचा शाफ्ट फिरतच नाही. कपांतल्या सुईसारख्या निडल महिनोन् महिने एकाच जागी उभ्या. ग्रीस सुकतं, गळक्या सीलमधून पाणी शिरतं, गंज धरतो. मग एक दिवस मेहुणे येतात.

नाना पेठेत सुटा भाग मागायला गेलं की आधी आपली उलटतपासणी होते. पुढचा का मागचा? कपाचा लॉक आतून का बाहेरून? सॅम्पल आणलंय का? सॅम्पल काढून दिलं, दुकानदारानं कॅलिपर लावलं आणि खोकं पुढं केलं. त्यावर स्पायसर. क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकन माणसाला गाडीतल्या साखळ्यांचा खडखडाट सोसवेना, म्हणून त्यानं इंजिनाची ताकद चाकांकडे नेण्यासाठी हा क्रॉसचा जोड बसवला आणि १९०३ मध्ये पेटंट घेतलं. औंधचं कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे ते स्पायसर वेगळे, मिशनरी. हे मी दुकानदाराला सविस्तर सांगितलं. त्यानं शांतपणे विचारलं, "बिल कुठल्या नावानं करू?"

या जोडाची खोड मात्र खुद्द स्पायसरलाही मोडता आली नाही. शाफ्ट कोनात असला की तो एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो आणि दोनदा रेंगाळतो. कोन ३० अंशांचा झाला तर वेग ८७ ते ११५ टक्क्यांमध्ये हेलकावतो. प्रोपेलर शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस असतात, नीट बसवले तर एकाची गडबड दुसरा निस्तरतो. आमच्या पुढच्या चाकाशी मात्र एकच. म्हणून फोर-व्हीलमध्ये वळताना स्टिअरिंग हाताला हिसके देतं.

जुना क्रॉस काढणं म्हणजे हातोडा, व्हाइस आणि पान्याचे दोन सॉकेट: लहान सॉकेट कपाला ढकलतो, मोठा त्याला पोटात घेतो. ते काम उरकलं. नवा बसवताना खरी परीक्षा. कपाच्या भिंतीला जिऱ्याएवढ्या निडल ग्रीसच्या भरवशावर उभ्या असतात. कप जरा तिरका गेला की त्यातली एखादी आडवी होते आणि तळाशी जाऊन झोपते. बाहेरून सगळं ठाकठीक, फक्त कपाला धरून ठेवणारा लॉक खाचेत बसत नाही. नखाएवढीही फट नसते. मी म्हटलं, "मिस्त्री, जरा जोर लावा की!"

"जोर लावला तर निडल मोडेल, आणि मग तुम्ही मला शिव्या द्याल." त्यांनी कप पुन्हा बाहेर काढला, फडक्यानं ग्रीस पुसलं आणि करंगळीच्या नखानं त्या आडव्या निडलला उभं केलं. इतका नाजूक चालणारा हाच हात पाच मिनिटांपूर्वी मोठा हातोडा मारत होता, हे खरं वाटेना. या वेळी लॉक 'टिक्' करून बसला.

दुसऱ्या बाजूचा क्रॉसही बदलायला लावला, कारण तोही तितकाच आराम करून बसला होता. शेवटी मिस्त्रींनी पथ्य सांगितलं: महिन्यातून एकदा हब लावून फोर-व्हीलमध्ये आठ-दहा किलोमीटर चालवायची, पण डांबरावर नाही, मातीच्या कच्च्या रस्त्यावर.

"आता त्यासाठी दर महिन्याला गावाबाहेर जायचं का?" हिनं विचारलं.

पण पुणेकराला कच्च्या रस्त्याची ददात नाही. त्याच आठवड्यात ड्रेनेजसाठी आमची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत खणली गेली. आता दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे मला विचारतात, "साहेब, त्या बाजूला सोडता का?"