चावडीवर बिटकॉइन

बिटकॉइनचे व्यवहार गुप्त असतात, ही अफवा फार लोकप्रिय आहे. खरं तर 3 जानेवारी 2009 पासूनचा त्याचा प्रत्येक व्यवहार कुणालाही फुकट पाहता येतो. हे न संपणारं चावडीवाचनच. फक्त इथे खातेदाराचं नाव न घेता नुसता गट क्रमांक पुकारतात. पण एकदा तो क्रमांक नावाला चिकटला, की मागचापुढचा सगळा हिशेब उघडा पडतो आणि वहीचं पान फाडायची सोय नसते. त्यातून खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजला पॅन द्या, 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर भरा, विक्रीवर 1 टक्का टीडीएस कापू द्या. पारनेरच्या एखाद्या पोरानं दोन हजारांचं बिटकॉइन घेतलं, तर ते दिल्लीला ठाऊक असतं; ठाऊक नसतं फक्त त्याच्या बापाला.

आता दुसऱ्यांचे पैसे सांभाळणाऱ्यांकडे वळू. गेनबिटकॉइन या गुंतवणूक घोटाळ्याच्या तपासात पुणे पोलिसांनी 2018 साली सायबरतज्ज्ञ मदतीला घेतले. आरोपींची नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये वळवल्याच्या आरोपावरून मार्च 2022 मध्ये त्या तज्ज्ञांनाच अटक झाली. वही जगाला खुली होती. ती वाचता येणारेच आरोपी ठरले! जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजमधून 23 कोटी डॉलरच्या आसपास रक्कम चोरीला गेली. नाणी कुठल्या पत्त्यावर चालली आहेत, हे ग्राहकांना घरबसल्या दिसत होतं. स्वतःचे पैसे काढणं तेवढं बंद होतं.

‘लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कसली?’ असा प्रश्न यावर हमखास येतो. तो बुडालेल्या नगर अर्बन बँकेच्या ठेवीदारांना विचारावा. तिथे ब्लॉकचेन नव्हती, केवायसी मात्र होती. बँकेला ठेवीदाराची सगळी माहिती होती. बँकेत कर्जं कशी वाटली जातात, हे ठेवीदाराला कळेपर्यंत तपास सुरू झाला आणि 4 ऑक्टोबर 2023 रोजी रिझर्व्ह बँकेनं परवाना रद्द केला. पडदा होता, पण चुकीच्या खिडकीला. सगळंच झाकणारं मोनेरोसारखं नाणं आणा, म्हणजे प्रश्न मिटला, हे क्रिप्टोभक्तांचं उत्तरही पटत नाही, कारण त्याच आडोशाला खंडणीखोरही येऊन बसतो. स्वतःच्या खिशाला आडोसा हवा, दुसऱ्याचा खिसा सांभाळणाऱ्याला नको. एकाही ग्राहकाची शिल्लक न सांगता, सगळ्यांची देणी भागतील एवढी नाणी आपल्याकडे आहेत हे एक्स्चेंजला झीरो-नॉलेज प्रूफ या गणिती पद्धतीनं सिद्ध करता येतं. अडतं ते इच्छेपाशी. सरकारचंही तेच. राळेगणसिद्धीतून ज्या माहिती अधिकार कायद्यासाठी उपोषणं झाली, त्यातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमातली सार्वजनिक हिताची तरतूद 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं वगळली. दुसऱ्या कलमात ती शिल्लक आहे, असं सरकार सांगतं. म्हणजे सरकारी साहेबांच्या खासगीपणाची काळजी मिटली.

तेव्हा एक्स्चेंजवर पैसे ठेवलेल्यांनी देणी आणि शिल्लक या दोन्हींचा पुरावा मागावा. मिळाला नाही तर पैसे काढून घ्यावेत, काढता येत आहेत तोवर.