गोलकीपरवर चर्चा कशी करावी : सिरोंचा तालुक्यासाठी नियमावली

मैदान असल्याशिवाय फुटबॉलवर बोलता येत नाही, असा गैरसमज कोल्हापूर आणि मडगावच्या लोकांनी पसरवून ठेवला आहे. सिरोंच्याने तो केव्हाच निकालात काढला. आपल्याकडची पोरं कबड्डी खेळतात, व्हॉलीबॉल खेळतात, टेनिस बॉलचं क्रिकेट तर धान कापून झालेल्या बांधीतसुद्धा खेळतात. फुटबॉल मात्र शाळेच्या पटांगणात दोन चपलांच्या मधोमध होतो. चपलांच्या गोलला आडवा दांडा नसतो. चेंडू वरून गेला की आत गेला, हे भांडूनच ठरवावं लागतं, आणि ते शिक्षण दहाव्या वर्षापासून सुरू होतं. कोल्हापूरच्या पेठांत पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचे लोक भांडतात खरे, पण त्यांच्या गोलला जाळी असते. पुराव्यासहित भांडण्यात कसलं कौशल्य?

तरी अलीकडे चर्चेचा दर्जा घसरला आहे. कोणीही उठतो आणि भारताच्या गोलकीपरविषयी "गुरप्रीतले काढा" म्हणतो. काढा, पण रीतसर काढा. म्हणून हा खटाटोप.

जागा चहाच्या ठेल्याची असावी आणि ठेला असा निवडावा की मालकाला क्रिकेटच आवडतं. त्यामुळे एक तटस्थ माणूस आयता मिळतो आणि उधारीचा विषय निघाला की चर्चा आपोआप तहकूब होते. चर्चा मराठीत सुरू करावी, तापली की तेलुगूत न्यावी आणि निकाल हिंदीत द्यावा, कारण कॉमेंट्री हिंदीत होती. मुंबई इथून हजार किलोमीटरच्या घरात आहे. हैदराबाद त्याच्या एक तृतीयांशही नाही, गोदावरीचा पूल ओलांडला की झालं. तेव्हा सातबारा महाराष्ट्राचा असला तरी गोलकीपरकडे हैदराबादच्या बाजूने पाहण्याचा आपला हक्क कोणी नाकारू नये.

सामना पाहिलेला असणं आवश्यक नाही. खरं तर पूर्ण सामना पाहिलेला माणूस चर्चेत अडचणच करतो. तो म्हणतो, "त्याच्या आधी त्याने दोन चांगले अडवले होते." असल्या माणसाला साक्षीदार म्हणून बसवावं, पंच म्हणून नव्हे. उत्तम चर्चक तो, ज्याच्या मोबाईलवर नेमक्या गोलच्या वेळी चक्र फिरत राहिलं आणि रेंज आली तेव्हा चेंडू जाळीत आणि कीपर जमिनीवर होता. मधलं जे दिसलं नाही, ते स्वतःच्या अनुभवाने भरून काढायचं असतं.

आता गुण. गुणांवर फार वेळ घालवू नये. लोक उठून जातात. गुरप्रीत सिंग संधू साडेसहा फुटांच्या आसपास उंच आहे, हे आधी सांगून टाकावं. तो मोहालीचा, नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडून खेळला, 2016 मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरला आणि त्या स्पर्धेत खेळणारा पहिला भारतीय ठरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अंधेरीच्या मैदानावर पोर्तो रिकोला आपण 4-1 ने हरवलं, तेव्हा कर्णधार तोच. 10 सप्टेंबर 2019 ला दोहामध्ये आशियाई विजेत्या कतारला 0-0 वर रोखलं, तेही त्याच्याच जिवावर. एवढं एका दमात म्हणावं आणि लगेच "पण" म्हणावं. या "पण"साठीच लोक चहा सोडून पुढे सरकतात.

"पण" नंतर 18 नोव्हेंबर 2024 हे सांगावं. ठिकाण हैदराबाद, गचिबोवली. म्हणजे आपल्या घरचंच. समोर मलेशिया. 19व्या मिनिटाला एक लांब चेंडू येतो, गुरप्रीत गोल सोडून धावत पुढे येतो, चेंडू त्याला चुकवून मागे जातो आणि पाउलो जोसुए रिकाम्या गोलमध्ये तो ढकलतो. इथे थांबावं. निदान एक घोट चहा होईस्तोवर कोणी बोलू नये. मग सगळ्यांत ज्येष्ठ माणसाने विचारावं, "काहून पुढे आला गा तो?"

या प्रश्नाला उत्तर नसतं आणि ते शोधूही नये. उत्तर मिळालं तर चर्चा संपेल. तरी एखादा नवशिका सांगतोच, की बचावफळी पुढे सरकलेली असली की मागच्या मोकळ्या जागेत कीपरलाच धावावं लागतं. आलाच नसता तर हेच लोक म्हणाले असते, "काहून नाही आला गा तो?" या नवशिक्याचं म्हणणं बरोबर आहे. त्याला दुसरा चहा पाजून गप्प करावं. त्या दिवशी 39व्या मिनिटाला कॉर्नरवर डोकं लावून बरोबरी कोणी साधली? मुंबईच्या राहुल भेकेने. मराठी माणसाने पंजाबी माणसाची चूक निस्तरली, हे वाक्य मात्र फक्त मराठीतच म्हणावं; शेजारच्या टेबलावर ट्रकवाले सरदारजी बसलेले असण्याचा संभव असतो.

पुढचं प्रकरण दोहाचं, 11 जून 2024. हे जरा जपून हाताळावं, कारण यात कीपर निर्दोष आहे आणि निर्दोष कीपरवर दोन तास बोलायला खरं कसब लागतं. छांगटेच्या गोलमुळे आपण 1-0 ने पुढे. 73व्या मिनिटाला कतारचं हेडर गुरप्रीतने अडवलं, चेंडू त्याच्या अंगाखालून सरकत गोललाइनबाहेर गेला. आपले खेळाडू कॉर्नर होणार म्हणून थांबले. कतारच्या खेळाडूने बाहेरून चेंडू आत ओढला, दुसऱ्याने गोलमध्ये मारला, रेफरीने गोल दिला. व्हिडिओ तपासायची सोय त्या सामन्यात नव्हती. पुढे आणखी एक खाल्ला आणि विश्वचषक पात्रतेचं दार बंद झालं. सगळ्या जगाने चेंडू बाहेर पाहिला. आपण काय पाहायचं? आपण हे पाहायचं, की शिट्टी वाजली नव्हती. चपलांच्या गोलवर वाढलेलं कुठलंही पोरगं तुम्हाला सांगेल, शिट्टी वाजल्याशिवाय थांबायचं नसतं, आणि वाजली तरी थांबायचं नसतं.

इथे कोणीतरी हमखास म्हणतो, "त्यापेक्षा आपला कट्टीमणी बरा होता." हा माणूस दिसायला साधा असतो, पण त्याच्यापासून सावध राहावं. लक्ष्मीकांत कट्टीमणी गोव्याचा आणि हैदराबाद एफसीचा कीपर, म्हणजे आपल्याला दोन्ही बाजूंनी नात्यातला. 20 मार्च 2022 ला फातोर्डाच्या मैदानावर आयएसएलची अंतिम लढत 1-1 अशी अडकली आणि पेनल्टींवर गेली. कट्टीमणीने केरळ ब्लास्टर्सच्या तीन पेनल्टी अडवल्या. हैदराबाद 3-1 ने चॅम्पियन. पूल ओलांडून कालेश्वरमला नारळ फोडावा, असा तो प्रसंग.

आता याच माणसाची दुसरी फाईल उघडावी. 20 डिसेंबर 2015. स्पर्धा तीच, लढत अंतिम, मैदानही फातोर्डाचंच. गोव्याने 87व्या मिनिटाला 2-1 अशी आघाडी घेतली होती. करंडकावर नाव कोरायचं तेवढं बाकी होतं. 90व्या मिनिटाला चेन्नईयिनचा चेंडू कट्टीमणीच्याच हातून त्याच्याच गोलमध्ये गेला. दोन मिनिटांत मेंडोझाने तिसरा मारला. गोवा हरला, तेही गोव्यात, गोव्याच्याच पोराच्या नावावर स्वयंगोल लागून. सवा सहा वर्षांच्या अंतराने एकाच गवतावर एकच माणूस दोनदा सापडतो, तेव्हा आपल्या नियमावलीची पंचाईत होते. नियम असा, की ज्याला कट्टीमणीची बाजू घ्यायची आहे त्याने 2022 सांगावं, ज्याला विरोध करायचा आहे त्याने 2015, आणि दोन्ही वर्षं एकाच माणसाने सांगू नयेत. तसं केल्यास माणसाविषयी समतोल मत होण्याचा धोका संभवतो. आणखी एक बारीक खोच ध्यानात ठेवावी. 2022 ला हैदराबादचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ होते आणि गचिबोवलीत मलेशियाविरुद्ध भारताचेही तेच. हे शेवटच्या चहासाठी राखून ठेवावं.

चूक कोणाची, हे ठरवण्याची पद्धत मात्र आपण बाहेरून आणायची गरज नाही. ती नदीवरच उभी आहे. मेडीगड्डाच्या बंधाऱ्याला 85 दारं. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे खांब खचले. खांबाला कोणी शिव्या घातल्या? कोणीच नाही. आराखडा कोणाचा, बांधणारा कोण, जागा कोणी ठरवली, खालची वाळू कशी सरकली, हे शोधायला तेलंगणा सरकारने न्यायमूर्ती पी. सी. घोष यांचा आयोग नेमला. आयोगाला अहवाल द्यायला सव्वा वर्षाहून जास्त लागलं. बंधाऱ्याचं पाणी शेतात शिरून आपल्या काठावरच्या लोकांचं जे झालं, त्याचा हिशेब वेगळाच, आणि तो ठेल्यावर मांडायचा नाही असं ठरलेलं आहे, डोकी फुटतात. पण खांबाची चौकशी एवढी आणि कीपरची अर्ध्या चहात? मधल्या फळीत चेंडू घालवला कोणी, बॅक कुठे फिरत होता, प्रशिक्षकाने फळी इतकी पुढे का ठेवली, हे विचारायचं नाही. कारण ते दिसत नाही. दिसतो तो जाळीतून चेंडू काढून आणणारा माणूस. बाकीचे दहा जण तोपर्यंत कमरेवर हात ठेवून आकाशाकडे पाहत असतात आणि टीव्हीवाला त्यांना दाखवत नाही.

ही आयोगाची पद्धत मी एकदा ठेल्यावर सुचवली होती. एकमताने फेटाळली गेली. आयोगाला भत्ता लागतो, म्हणाले.

बोलण्याच्या वेळेबाबत. जुलै 2025 पासून नवा नियम आला आहे, की कीपरने आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात धरला तर समोरच्याला कॉर्नर. हाच नियम चर्चेला लावावा, असा प्रस्ताव आहे. आठ सेकंदांवर जो बोलेल, त्याच्याविरुद्ध समोरच्या बाजूला एक भजी प्लेट. अंमलबजावणी झालेली नाही. सेकंद मोजायला बसवलेला माणूस स्वतःच बोलायला लागतो.

राहता राहिलं भविष्य. भविष्यावर बोलताना आवाज खाली आणावा आणि नाव एकच घेऊ नये. मलेशियाच्या सामन्यानंतर सगळ्यांनी म्हटलं, विशाल कैथला आणा. मार्च 2025 पासून कैथ गोलमध्ये आला. तो आधी पुणे सिटीकडून खेळलेला, म्हणजे अर्धा आपलाच. 10 जूनला हाँगकाँगमध्ये अगदी शेवटी, जादा मिनिटांत, चेंडूवर ठोसा मारायला गेलेल्या कैथमुळे पेनल्टी गेली आणि आपण 1-0 ने हरलो. ठेल्यावर लगेच ठरलं, गुरप्रीतले आणा. ऑगस्टमध्ये खालिद जमील प्रशिक्षक झाले आणि गुरप्रीत परत आला. त्याने ताजिकिस्तानची पेनल्टी अडवली, 8 सप्टेंबरला ओमानची शेवटची पेनल्टी अडवून तिसरा क्रमांक मिळवून दिला. त्या रात्री ज्यांनी "म्या तं आधीच म्हटलं होतं" असं सांगितलं, त्यांत नोव्हेंबरपासून "काढा काढा" म्हणणारे सगळे होते. पुढच्या महिन्यात मडगावला सिंगापूरकडून 2-1 ने हरलो आणि 2027 च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. दुसऱ्या दिवशी ठेल्यावर काय म्हणाले, ते लिहायची गरज नाही. यावरून सूत्र निघतं ते असं : सर्वोत्तम कीपर तो, जो सध्या बाकावर बसलेला आहे. बाकावर बसलेला माणूस गोल खात नाही.

ज्यांना याहून दूरचं भविष्य पाहायचं आहे, त्यांनी पीटर थंगराज यांचं नाव घ्यावं. हैदराबादचाच माणूस, 1956 आणि 1960 ची ऑलिम्पिक खेळला, 1962 ला जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता, आणि तो सुरुवातीला सेंटर फॉरवर्ड होता. गोल मारणारा पुढे गोल अडवणारा झाला आणि 1958 मध्ये आशियातला सर्वोत्तम कीपर ठरला. म्हणजे पुढचा कीपर आज कीपर असायलाच पाहिजे असं नाही. तो कुठेही असू शकतो. तो सिरोंच्यातही असू शकतो, हा विचार कोणाच्या तरी डोक्यात आलाच पाहिजे, आणि तो आला.

समोर व्हॉलीबॉल खेळून परतणारा एक उंच पोरगा सायकल लावून पाण्याची बाटली घेत होता. हात गुडघ्यापर्यंत पोचणारे. सगळ्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ज्येष्ठांनी हाक मारली. भारताच्या गोलकीपरची जागा रिकामी होण्याच्या बेतात आहे आणि आमच्या समितीने त्याचं नाव निश्चित केलं आहे, हे त्याला रीतसर सांगण्यात आलं. पोराने पाणी संपवलं.

"अन्ना, पोलीस भरती आहे. सोळाशे मीटर धावाचे आहे."

"किती मिनिटांत धावतेस?"

त्याने आकडा सांगितला. क्षणभर कोणी बोललं नाही, आणि मग सगळेच बोलायला लागले. एकाचं म्हणणं, सुरुवातीलाच पळून दम घालवतो. दुसरा म्हणाला, बूट जड आहेत. तिसऱ्याने गोळाफेकीचा विषय काढला, आणि ज्येष्ठांनी आणखी चार चहा सांगितले.