समुद्र नको, सावली बघा

कुंभकोणमला समुद्र नाही. एकेकाळी होता, असं स्थळपुराणावर विश्वास ठेवला तर म्हणता येतं. प्रलयाच्या पाण्यावर तरंगत आलेला अमृतकुंभ इथे येऊन टेकला, शंकराने किराताच्या वेषात बाण मारून तो फोडला, आणि गावाला नाव, देव आणि तलाव हे सगळं एकदमच मिळालं. मग पाणी ओसरलं ते थेट पन्नासएक किलोमीटर पूर्वेला जाऊन थांबलं. आता देवळांच्या गावात येऊन कुणी दोघांनी समुद्राची चौकशी का करावी, असा आक्षेप पहिल्यांदा येतो. त्याला उत्तर असं, की दुपारी बाराच्या सुमारास कुंभेश्वर काय, सारंगपाणी काय, सगळे देव दार लावून विश्रांती घेतात आणि चारच्या आत भेटत नाहीत. महामहम तलावाच्या पायऱ्यांवर बसावं, तर भोवतीच्या सोळा मंडपांपैकी एकात तरी कुणाची तरी आजी बसलेली असतेच, आणि तिची दृष्टी उत्तम असते. तेव्हा डबा भरून किनारा गाठणं यात अधर्म काही नाही. प्रश्न इतकाच, की कोणता किनारा.

इथे मराठी माणूस हमखास फसतो, कारण त्याच्या डोक्यात गुहागर नाहीतर गणपतीपुळे असतं. कोकणात दुपारनंतर सूर्य समोर असतो. डोळ्यांवर येतो, पण शेवटी समुद्रात बुडून फोटोची भरपाई करून देतो. चोळमंडलाच्या किनाऱ्यावर हा हिशेब उलटा. इथे सूर्य मावळतो तो तुमच्या पाठीमागे, भातखाचरांत. हातात हात घालून सूर्यास्त बघायचा, तर समुद्राकडे पाठ करून बसावं लागेल. सूर्योदय समोर होतो हे खरं, पण त्यासाठी कुंभकोणमहून पहाटे चारच्या आत निघावं लागतं, आणि त्या वेळी जी माणसं एकमेकांशी प्रेमाने बोलू शकतात त्यांना सहलीची गरजच नसते. म्हणून माझं म्हणणं असं आहे, की या बाजूचा किनारा निवडताना समुद्र बघूच नये. तो जवळजवळ सगळीकडे एकच बंगालचा उपसागर आहे. पाठीमागे काय आहे ते बघावं. पाठीशी काही उंच, भरभक्कम असेल, तर दुपार कलल्यावर त्याची सावली वाळूवर समुद्राच्या दिशेने लांबत जाते. नसेल तर प्रेम पापडासारखं भाजून निघतं.

या कसोटीवर सगळ्यात आधी बाद होतं ते पूंपुहार, जिथे कावेरी समुद्राला मिळते. याला मोठा आक्षेप येईल, कारण तमिळ साहित्यातली सर्वांत प्रसिद्ध किनारी सहल इथलीच. ‘शिलप्पदिकारम्’मध्ये कोवलन घरी बायकोला, कण्णगीला सोडून माधवी या नर्तकीबरोबर इथल्या वाळूवर येतो. तो वाद्य घेऊन एक गाणं म्हणतो, ती उत्तरादाखल दुसरं म्हणते, आणि हिच्या मनात दुसराच कुणीतरी आहे असं ठरवून हा उठून चालू पडतो. पुढे कोवलनचा शिरच्छेद होतो आणि कण्णगी मदुराई जाळते. किनाऱ्यावरच्या एका संध्याकाळीने राजधानी बेचिराख केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. निसर्गसौंदर्य त्या दिवशीही भरपूर असणार. उपयोग झाला नाही. वाद्य घरी ठेवलं तर धोका टळतो, हे मान्य. पण मग पूंपुहारलाच कशाला जायचं?

दुसरा आक्षेप अभिमानाचा. पट्टुक्कोट्टैच्या पलीकडे समुद्रकाठी मनोरा नावाचा बुरूज आहे; तंजावरच्या सरफोजी भोसल्यांनी तो नेपोलियन हरल्याच्या आनंदात १८१४ च्या सुमाराला बांधला. आपल्या राजाने बांधलेला, उंच, सावलीला पुरेसा. म्हणजे माझ्याच कसोटीला उतरतो की! उतरतो. पण तिथला समुद्र पाल्कच्या सामुद्रधुनीतला, उथळ, लाटांचा आळशी. बोलणं थांबलं तर मधली जागा भरून काढायला लाट लागते. तिथे ती येत नाही, आणि मग नेपोलियनचा विषय निघतो. वेळांकण्णीला लाटा आहेत, पण किनाऱ्यावर नवसाला आलेली अख्खी कुटुंबं असतात. कारैकाल पुदुच्चेरीच्या अमलाखाली असल्याने तिथे जाणाऱ्या अनेकांचं लक्ष किनाऱ्यावर नसून बाटलीवर असतं.

उरतं तरंगंबाडी, मायलाडुतुरैवरून पुढे. इथे १६२० साली डॅनिश लोकांनी तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून जागा घेऊन डॅन्सबोर्ग किल्ला बांधला आणि १८४५ मध्ये सगळं इंग्रजांना विकून घर गाठलं. जागेचा वार्षिक मोबदला तंजावरला जाई, आधी नायकांना आणि मागाहून भोसल्यांना. तेव्हा अभिमानच हवा असेल तर आपल्या जुन्या भाडेकरूच्या भिंतीला टेकून बसलो असं समजावं. भिंत किनाऱ्याला लागून, समुद्राला समांतर. चारनंतर तिची सावली वाळूवर उतरते आणि सूर्यास्ताची उणीव चंद्र भरून काढतो: पौर्णिमेला पाठीमागे सूर्य बुडत असतानाच समोर पाण्यातून चंद्र वर येतो, आणि हे दृश्य कोकण काही केल्या दाखवू शकत नाही. फक्त दिवाळीच्या सुट्टीत येऊ नये. तेव्हा या बाजूला ईशान्य मोसमी पाऊस कोसळत असतो आणि पुढची पौर्णिमाही ढगाआड उरकते. फेब्रुवारी-मार्च चांगला.

डब्यात चिंचभात आणि दहीभात असावा. कुंभकोणमची विड्याची पानं तर घ्यावीतच. तिच्यासाठी विडा लावण्याइतका हमखास उपाय नव्या पिढीला अजून सापडलेला नाही. अडचण येते कॉफीची. डिग्री कॉफी दवरा नावाच्या वाटीतून टंबलरमध्ये हातभर उंचीवरून ओतायची असते आणि दुपारचा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. म्हणून ओतणाऱ्याने दोघांत किल्ल्याकडच्या बाजूला बसावं. फेस उडालाच तर डॅन्सबोर्गच्या भिंतीवर उडेल, आणि तक्रार करायला डेन्मार्कचं कुणी १८४५ नंतर तिथे राहिलेलं नाही.