नळाच्या क्षीण धारेची चौकशी

विलायतेत चाके लावलेल्या घरातून देशाटन करणाऱ्या गृहस्थांच्या नळाची धार बारीक झाली, की 12 व्होल्टच्या पंपाला वीज पोचते की नाही, त्याच्या तोंडाची गाळणी तुंबली आहे काय आणि नळी कोठे मुडपली आहे, एवढे पाहून त्यांचा तपास संपतो. मेहकर तालुक्यातील आमच्या जानेफळात घरे जागची हलत नसल्यामुळे चौकशीला मुबलक फुरसत मिळते. धार क्षीण होताच प्रथम पर्जन्यमानाची, मग शेजाऱ्याच्या टिल्लू पंपाची आणि अखेरीस खुद्द सरकारची तहकिकात सुरू होते. जलजीवन मिशनचा, दर माणशी दररोज 55 लिटरांचा 2019 सालचा वायदा तोंडपाठ म्हणून दाखविला जातो आणि अर्जांचे मसुदे तयार होतात. 10 मीटर उंचीचा जलस्तंभ सुमारे एका वातावरणाइतका दाब देतो, तेव्हा नळाच्या वर जेमतेम 3 मीटरांवर ठेवलेल्या टाकीने त्याच्या तीन-दशांशाहून अधिक ते काय द्यावे, हा सृष्टिनियम मात्र कोणाच्याच अर्जात येत नाही. (माझ्याही आला नव्हता.) मी असे तीन अर्ज लिहिले, चौथ्याचा मायना घातला, आणि एवढ्यात नळ दुरुस्त करणाऱ्या पोराने तोटीच्या तोंडाची जाळी फिरवून काढली, लिंबाच्या रसात भिजविली आणि तिच्यावरचा क्षारांचा पांढरा थर सुईने उकरला. धार पूर्ववत झाली. मजुरी वीस रुपये पडली. अर्जांचे टपालहशील निराळे.