द्रौपदीच्या लाजेचे ठेकेदार

हिंदी सिनेमातली पोलिसांची जीप कधी वेळेवर आलेली आठवतेय? पण येते. मारामारी उरकली, नायकाचा शर्ट फाटला की हजर. त्या जीपच्या भरवशावर तर आपण तिकीट काढतो.

1983 साली कुंदन शाहांनी ‘जाने भी दो यारो’ काढला आणि तिची हवाच काढून घेतली.

मुंबईतले दोन कफल्लक फोटोग्राफर. हाती खुनाचा पुरावा. खून करणारा बिल्डर, मेलेला महापालिका आयुक्त. इथवर सगळं शिरस्त्याप्रमाणे. मग नायकांनी काय करावं? लढावं.

हे प्रेत पळवतात.

वाटेत दुसरा एक बिल्डर भेटतो. दारूच्या तारेत त्याला शवपेटी म्हणजे बंद पडलेली मोटार वाटते आणि आतला मुडदा म्हणजे अडलेला प्रवासी. गडी ती ओढून न्यायला निघतो. बिल्डर शुद्धीत नसला की किती परोपकारी असतो बघा!

प्रेत पोचतं थेट नाटकाच्या रंगमंचावर. अंगावर साडी, भूमिका द्रौपदीची, प्रसंग वस्त्रहरणाचा. महाभारतातल्या त्या सभेत भीष्म-द्रोण माना खाली घालून बसले होते. इथे मात्र द्रौपदीच्या रक्षणासाठी झुंबड उडते. धर्म जागा झाला म्हणून?

छे! साडीखाली पुरावा आहे म्हणून.

‘भावना दुखावल्या’वाल्यांनी जरा थांबावं. आपल्या तमाशात गणाला हात जोडणारं पब्लिक लगेच पुढच्या गवळणीत खिदळायचं. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट साक्षात कृष्ण अडवायचा आणि मिशीवाला बाप्या लुगडं नेसून, मावशी बनून त्याच्याशी हुज्जत घालायचा. देवाला त्याचं काही वाटलं नाही. त्याला वकीलही लागला नाही.

विडंबन देवाची टिंगल करत नाही, पाठ झालेल्या गोष्टीची करते. गोष्ट पाठ झाली की डोकं चालवायची गरज उरत नाही. ती सोय गेली की माणूस चिडणारच!

आणि शेवट? बिल्डरच्या कोसळलेल्या पुलाचं खापर फोटोग्राफरांवर फुटतं. कैद्याचे कपडे त्यांच्या अंगावर, खरे चोर मोकळे. पोलीस येतात, पण चुकीच्या माणसांसाठी.

पडद्यावर न्याय झाला की प्रेक्षक घरी जाऊन निवांत झोपतो. शाहांनी ती झोप उडवली. बिल्डरची नव्हे, आपली.

बिल्डर पहिल्यापासून निवांतच होता.